डी-७६ आणि एचपी५: आठ महिने घरी रोल धुतल्यावर कॉन्ट्रास्टबद्दल जे कळलं

नोव्हेंबरपासून घरीच रोल धुतोय, पुण्यात, बाथरूममध्ये. फिल्म एकच, इलफर्ड एचपी५ प्लस ही ब्लॅक अँड व्हाइट, ४०० आयएसओवर, आणि डेव्हलपर, म्हणजे फिल्मवर चित्र उमटवणारं रसायन, पण एकच, डी-७६, एकास एक पाणी घालून. मुद्दाम काही बदललं नाही, कारण दोन्ही गोष्टी बदलत राहिलो तर काय कशामुळे झालं ते कळतच नाही. आत्तापर्यंत बावीस रोल झाले, पावडरचं सहावं पाकीट चालू आहे.

पहिले सात-आठ रोल छान आले. फिल्मच्या डेव्हलपिंगच्या तक्त्यात २० डिग्रीला ११ मिनिटं दिलीयत, थंडीत नळाचं पाणी तसंही त्याच्या आसपास असायचं, थोडं गार पाणी मिसळलं की काम झालं. मग मार्चमध्ये वाईला गेलो, ढोल्या गणपतीच्या घाटावर, दुपारी साडेबाराचं ऊन, काळ्या दगडाच्या पायऱ्या आणि त्यावर पांढरा सदरा-धोतर घातलेले एक आजोबा बसलेले. निगेटिव्हवर पांढरं ते काळं दिसतं, पण बघितली तर सदऱ्याच्या जागी नुसता काळा ठोकळा, ना घडी ना सुरकुती. मला वाटलं मीटर चुकतोय, म्हणून पुढच्या रोलला सरळ एक स्टॉप कमी, म्हणजे निम्मंच एक्स्पोजर दिलं. सदरा तरीही ठोकळाच आणि आता पायऱ्याही गेल्या, तिथे फिल्म कोरी पारदर्शक. दोन रोल असे गेले आणि खरंच खूप वाईट वाटलं, कारण ते आजोबा काही परत तसे बसणार नाहीत.

शेवटी टँकमधल्या, म्हणजे फिल्म धुवायच्या बंद डब्यातल्या, पाण्यात थर्मामीटर घातला तर २७ डिग्री. म्हणजे ११ मिनिटांत रोल जवळजवळ दुप्पट शिजत होता.

यात समजून घ्यायची गोष्ट एकच आहे आणि मला ती कुणी आधी सांगायला हवी होती. सावलीतल्या भागावर उजेड कमी पडलेला असतो, तिथे जेवढी चांदी (निगेटिव्हचा काळेपणा तिचाच) तयार व्हायची तेवढी बहुतेक सुरुवातीच्या मिनिटांतच होते आणि मग तिथे फारसं काही घडत नाही. पांढऱ्या भागात मात्र तुम्ही थांबवेपर्यंत चालूच राहतं, घट्ट होत जातं. म्हणून वेळ वाढवला की वरचं टोक ताणलं जातं आणि खालचं जागेवरच राहतं, तोच कॉन्ट्रास्ट. हर्टर आणि ड्रिफील्ड या दोन संशोधकांनी १८९० मध्येच हे मोजून दाखवलंय. तर पायऱ्यांसाठी एक्स्पोजर द्यायचं आणि सदऱ्यासाठी घड्याळ बघायचं. मी बरोब्बर उलटं करत होतो.

आता उन्हाळ्यात २० डिग्रीच्या मागे लागत नाही, २४ पक्कं केलंय. मोठ्या बादलीत पाणी आणि बर्फ, त्यात डेव्हलपर, साधं पाणी, हायपो (चित्र पक्कं करणारं रसायन) सगळ्यांच्या बाटल्या अर्धा तास ठेवून देतो आणि टँकही मधल्या वेळात त्याच बादलीत उभा. २४ ला माझा नेहमीचा वेळ साडेसात मिनिटं, कडक उन्हाच्या रोलला सहा. पाचच्या खाली कधीच जात नाही, इतक्या कमी वेळात डेव्हलपर सगळीकडे सारखा पोचत नाही आणि आकाशात डाग दिसतात.

हलवणं हा दुसरा मोठा घोटाळा होता. सुरुवातीला काळजीपोटी टँक सतत हलवत बसायचो. पांढऱ्या भागात डेव्हलपर लवकर संपतो, टँक थोडा वेळ स्थिर राहिला की तो भाग आपोआप मंदावतो आणि सावलीला तेवढी सवड मिळते, पण सतत हलवलं की दर क्षणी ताजा माल पांढऱ्यावरच पोचवत राहतो आपण. आता दर मिनिटाच्या सुरुवातीला दहा सेकंदांत चार वेळा उलटसुलट, मग खाली ठेवायचा आणि हात लावायचा नाही. मिनिटाला दोनदाच करून बघितलं होतं, पण फिल्मच्या कडेच्या स्प्रॉकेटच्या भोकांशेजारी पट्टे आले, सोडून दिलं.

डी-७६ बद्दल दोन गोष्टी मुद्दाम सांगतो, कारण फॉर्म्युला १९२७ पासूनचा आणि इतका भरवशाचा की लोक डोळे मिटून वापरतात. एक म्हणजे, टँकच्या डब्यावर लिहिलेल्या कमीत कमी २९० मिलीच्या भरवशावर राहू नका. एकास एकमध्ये ३६ च्या रोलला मी ५०० मिली घेतो, म्हणजे २५० स्टॉक (पावडरचं मूळ द्रावण, पाणी मिसळण्याआधीचं). स्टॉक कमी पडला की निगेटिव्ह पातळ आणि मवाळ येते. दुसरं, अर्ध्या भरलेल्या बाटलीत महिनाभर राहिलेला स्टॉक मेलेला नसतो, उलट मधल्या काळात तो जास्त जोरात चालतो, कारण हवा लागून त्याचा अल्कलीपणा वाढतो. माझा एप्रिलमधला एक रोल वेळ आणि तापमान अगदी बरोबर असूनही कडक आला तो यामुळेच. तेव्हापासून लिटरभर स्टॉक केला की लगेच २५० मिलीच्या चार काचेच्या बाटल्यांत काठोकाठ भरतो, एका रोलला एक बाटली. या एका सवयीने जेवढा फरक पडला तेवढा कुठल्याच महागड्या वस्तूने पडला नाही.

निगेटिव्ह तपासायला मी दोनच गोष्टी बघतो. कडेला छापलेले आकडे आणि नाव चांगले काळे आलेत पण फ्रेम पातळ आहे, तर डेव्हलपिंग ठीक, एक्स्पोजर कमी. आणि निगेटिव्ह पेपरच्या छापील मजकुरावर ठेवायची, सगळ्यात काळ्या भागातून अक्षरं जेमतेम वाचता आली पाहिजेत. आजोबांच्या सदऱ्याखाली एक अक्षर दिसत नव्हतं.

अमेरिकन फोटोग्राफर अॅन्सल अॅडम्सची झोन सिस्टिम, म्हणजे दृश्यातल्या उजेडाप्रमाणे एक्स्पोजर आणि डेव्हलपिंग ठरवायची पद्धत, वाचून आपणही प्रत्येक फ्रेमला वेगळा वेळ द्यावा असं वाटतं, पण ते मोठ्या सुट्या शीट फिल्मला सोपं, आपल्याला ३६ फ्रेम एकाच टँकमध्ये टाकायच्या असतात. म्हणून मी एक रोल एकाच प्रकारच्या उजेडात संपवतो, निदान तसा प्रयत्न करतो, आणि डबीवर लगेच मार्करने ऊन किंवा ढग लिहितो.

ढगांचा रोल वारीत मिळाला. दिवे घाटात माउलींची पालखी चढत होती, आभाळ पूर्ण भरलेलं, सगळं करड्यात करडं, नेहमीच्या साडेसात मिनिटांत हे पाणचट आलं असतं. साडेनऊ मिनिटं दिली. टोप्या आणि पताका उठून आल्या, ओल्या रस्त्याला चकाकी आली, आणि पेपरवर ठेवली तर टोपीखालची अक्षरं वाचता येत होती.