आधी मापक, मग प्युरिफायर: पुण्यातील एका घराचा वापरानंतरचा अनुभव

गेल्या पावसाळ्याच्या अखेरीस आम्ही दोन वस्तू घरात आणल्या. एक, हवेतील सूक्ष्म धूलिकण आणि कार्बन डायऑक्साइड मोजणारा, टेबलावर मावणारा मापक. आणि दुसरी, एका खोलीपुरता एअर प्युरिफायर. दिवाळी, हिवाळा, होळी आणि उन्हाळ्याचा बराचसा भाग या दोन्ही वस्तूंच्या सोबतीने काढल्यावर माझे मत असे झाले आहे की, ज्याला दोहोंपैकी एकच घेणे शक्य आहे त्याने मापक घ्यावा. प्युरिफायर आपले काम चोख करतो, परंतु ते काम एका बंद खोलीच्या आतच राहते. मापकामुळे धूर कोठून येतो ते कळते, त्यातला कोणता आपल्याला स्वतःच थांबवता येईल आणि कोणत्यासाठी नियमाचा आधार घेऊन कोणाच्या तरी दारात उभे राहावे लागेल, याची निवड करता येते.

मापक विकत घेणाऱ्यांची पहिली फसगत आकड्यांच्या पट्टीत होते, म्हणून ते आधी सांगतो. अडीच मायक्रॉनपेक्षा बारीक कणांना पीएम २.५ म्हणतात आणि त्यांचे प्रमाण दर घनमीटर हवेत किती मायक्रोग्रॅम, असे मोजतात. भारतात २००९ साली ठरलेल्या मानकानुसार चोवीस तासांची सरासरी ६० आणि वर्षाची सरासरी ४० यांच्या आत असावी लागते. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये सुचवलेल्या मर्यादा अनुक्रमे १५ आणि ५ इतक्या कडक आहेत. बाजारातील पुष्कळ मापक मूळ आकड्याऐवजी हवेच्या गुणवत्तेचा निर्देशांक (एक्यूआय) दाखवतात आणि तोही बहुधा अमेरिकी पद्धतीचा असतो. हवेत ६० मायक्रोग्रॅम कण असतील तर आपला राष्ट्रीय निर्देशांक १०० दाखवतो, म्हणजे ‘समाधानकारक’ या वर्गाची शेवटची पायरी. तीच हवा अमेरिकी पट्टीवर दीडशेच्या वर, थेट ‘अनारोग्यकारक’ वर्गात जाते. शिवाय सरकारी निर्देशांक चोवीस तासांच्या सरासरीवर काढलेला असतो, तर घरातला मापक त्या क्षणाचा आकडा दाखवतो. त्यामुळे मोबाइलवरचा आकडा आणि टेबलावरचा आकडा जुळत नाहीत म्हणून कोणा एकाला खोटे ठरवण्यात अर्थ नाही. मी सेटिंग बदलून निर्देशांक बंद केला आणि केवळ मायक्रोग्रॅम पाहू लागलो, तेव्हा निम्मा गोंधळ मिटला.

यंत्राच्या मर्यादाही आहेत. आत एक लेझर किरण असतो आणि कणांवर आपटून विखुरलेल्या प्रकाशावरून कणांचा अंदाज बांधला जातो. पाण्याचे सूक्ष्म थेंबही प्रकाश विखुरतात, म्हणून दाट धुक्याच्या सकाळी आकडा हवेच्या खऱ्या स्थितीपेक्षा फुगलेला असतो, आणि कुकरच्या शिट्टीसमोर मापक ठेवला तर तो घाबरून लाल होतो. पीएम १० चा, म्हणजे जाड धुळीचा आकडा अशा स्वस्त यंत्रांत फारसा भरवशाचा नसतो, कारण जड कण त्या छोट्या पंख्याने आत ओढलेच जात नाहीत. शेजारी इमारतीचे काम चालू असेल, खिडकीच्या कठड्यावर बोटाने नाव लिहिता येईल इतकी धूळ साचली असेल आणि तरीही पडद्यावर हिरवा रंग दिसत असेल, तर बोटावर विश्वास ठेवावा.

आमच्या घरातील सर्वांत मोठे आकडे रस्त्याकडच्या खिडकीशी कधीच आले नाहीत. ते आले स्वयंपाकघरात. वरणाला फोडणी देताना, मिरच्या तळताना, थालीपीठ खरपूस भाजताना मापक काही मिनिटांतच दोन आकड्यांवरून तीन आकड्यांवर जात असे आणि दारे-खिडक्या बंद असतील तर पुढचा तासभर खाली येत नसे. त्या वेळी रस्त्यावर वाहनांची रांग लागलेली असतानाही बाहेरचा आकडा त्याच्या निम्माही नसे. आमच्या स्वयंपाकघरात चिमणी आधीपासून होती, पण ती धूर जाळीतून गाळून पुन्हा खोलीतच सोडणाऱ्या प्रकारची होती. तेलकटपणा तिने नक्कीच कमी केला होता, पण बारीक कणांवर तिचा फारसा परिणाम होत नाही हे मापकाने दाखवून दिले. भिंतीला भोक पाडून नळी बाहेर काढली, फोडणीच्या आधीच चिमणी चालू करण्याची आणि नंतर थोडा वेळ ती तशीच ठेवण्याची सवय लावली, आणि शिखर पूर्वीच्या मानाने कितीतरी खाली आले. साऱ्या खर्चात सर्वाधिक फळ या भोकाने दिले, असे मी निःसंकोच म्हणेन.

त्याच सुमारास इंडक्शन शेगडीही आणली. तिच्याविषयीचा अनुभव मिश्र आहे. गॅसच्या ज्योतीतून नायट्रोजन डायऑक्साइड बाहेर पडतो आणि दम्याच्या रुग्णांना तो त्रासदायक ठरतो. इंडक्शनने तो भाग संपतो, पण माझा मापक हा वायू मोजत नाही, त्यामुळे या सुधारणेचे श्रेय पडद्यावर कोठेच उमटत नाही. फोडणीचा धूर तेलाचा असतो, ज्योतीचा नसतो. तेल वाजवीपेक्षा तापले की इंडक्शनवरही तेवढाच धूर होतो. दूध, चहा, वरण-भात आणि उकळण्याची सारी कामे आता तिच्यावर होतात. भाकरी मात्र आचेवर धरल्याशिवाय फुगत नाही आणि वांगे भरीतासाठी भाजायचे तर ज्योतच हवी, म्हणून गॅस घरात राहिला आहे. सपाट बुडाची भांडी नव्याने घ्यावी लागतात, हा खर्च किमतीच्या पाटीवर लिहिलेला नसतो.

देवघराचा विषय नाजूक आहे. उदबत्ती आणि धूप यांच्या धुराने बंद खोलीत मापक जितका चढतो, तितका तो होळीच्या रात्री गॅलरीतही चढला नाही. आमच्या घरात उदबत्ती बंद झाली नाही आणि व्हावी असे मला वाटतही नाही. ती आता एकच लावली जाते आणि खिडकी उघडी असते. डासांच्या कॉइलबाबत मात्र मी आग्रही राहिलो. एक कॉइल संपूर्ण जळताना जितके बारीक कण सोडते, ते ७५ ते १३७ सिगारेटींच्या कणांइतके असतात, असे २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात आढळले होते. मुले ज्या खोलीत झोपतात तेथे ती रात्रभर जळत ठेवणे मला समर्थनीय वाटत नाही. खिडक्यांना जाळ्या आणि पलंगाला मच्छरदाणी हा जुना उपाय स्वस्तही आहे आणि त्याला फिल्टर बदलावे लागत नाहीत.

दिवाळीला मापक सोबत घेऊन आम्ही सांगलीला आईवडिलांकडे गेलो. तेथे परसात तांब्याचा बंब आहे. लाकडाच्या ढलप्या, नारळाच्या करवंट्या, आणि पेटवण्यापुरता म्हणून दुधाच्या पिशवीचा एखादा तुकडा, असे त्याचे खाणे. पहाटे बंब पेटला की मागच्या खोलीतला आकडा इतका वर जात असे की वडिलांना प्रथम यंत्रच बिघडलेले वाटले. आळीत असे बंब घरोघरी आहेत आणि थंडीच्या पहाटे हवा जमिनीलगत थिजलेली असल्याने सगळ्यांचा धूर एकमेकांच्या घरांत मुरतो. संक्रांतीच्या आसपास छतावर सोलर वॉटर हीटर बसवला. सांगलीचे पाणी जड असल्यामुळे नळ्यांत क्षार साचतात आणि त्या वेळोवेळी साफ कराव्या लागतील, तसेच ढगाळ दिवसांसाठी टाकीत विजेची कॉइल ठेवावी लागते, हे विक्रेत्याने आधीच सांगितले होते. स्वच्छ उन्हाच्या दिवशी मात्र संध्याकाळपर्यंत कढत पाणी मिळते आणि मागची खोली पहाटे बसण्याजोगी झाली आहे. बंब काढलेला नाही. अभ्यंगस्नानाचे पाणी बंबातलेच असेल, ही आईची अट आहे आणि ती सर्वांनी मान्य केली आहे. पुण्यात सौर ऊर्जा, पर्जन्यजल संधारण किंवा गांडूळखत प्रकल्प करणाऱ्यांना महापालिका मालमत्ता करात सवलत देते. असे प्रोत्साहन बंबांच्या गावांत अधिक उपयोगी पडेल.

आता प्युरिफायर. विकत घेताना जाहिरातीतील विशेषणे सोडून केवळ एक आकडा पाहावा: तासाला किती घनमीटर स्वच्छ हवा मिळते. बारा फूट लांब, बारा फूट रुंद आणि दहा फूट उंच खोलीत सुमारे ४१ घनमीटर हवा असते. ती तासाला पाच वेळा गाळून निघायची असेल तर यंत्राची क्षमता २०० घनमीटरच्या पुढे हवी. छापील क्षमता सर्वांत वेगवान पंख्याची असते आणि त्या वेगाला यंत्र इतके घोंघावते की झोप लागत नाही. रात्रीच्या शांत वेगावर क्षमता बरीच घटते. त्यामुळे खोलीच्या गरजेपेक्षा एक पायरी मोठे यंत्र घेऊन ते मध्यम वेगावर चालवणे मला योग्य वाटले. दार बंद केल्यावर अर्ध्या तासात आकडा एकेरी संख्येच्या जवळ येतो, याबद्दल तक्रार नाही. वीज नगण्य लागते. फिल्टर मात्र हिवाळ्याच्या शेवटी राखेच्या रंगाचा झाला होता; तो धुता येत नाही आणि बदलण्याचा खर्च दरवर्षीचा धरावा लागतो. आयन किंवा ओझोन सोडण्याची सोय असलेली यंत्रे टाळावीत, कारण ओझोन स्वतःच श्वसनमार्गाला घातक आहे.

खरी अडचण वेगळीच आहे. कण गाळण्यासाठी खोली बंद ठेवली की पहाटेपर्यंत तिच्यातील कार्बन डायऑक्साइड चढतो. बाहेर हे प्रमाण दहा लाखांत सुमारे ४२० भाग असते. आमच्या झोपण्याच्या खोलीत सकाळी ते हजाराच्या बरेच वर असे आणि प्युरिफायर त्याला हातही लावत नाही. यावर तोडगा मापकानेच सुचवला. पुण्याच्या हिवाळ्यात रात्री थंड हवा खाली बसते, वर उबदार थर येतो आणि धूर त्या झाकणाखाली अडकतो. उन्हे तापली की झाकण उघडते. म्हणून हिवाळ्यात खिडक्या दुपारी सताड उघडायच्या आणि रात्री किलकिल्या ठेवायच्या. पहाटे टेकडीवर फिरायला जाण्याचा पुणेरी नेमही आम्ही हिवाळ्यापुरता उन्हे वर आल्यानंतरच्या वेळेवर ढकलला.

येथपर्यंतचे सारे घराच्या उंबरठ्याच्या आतले झाले. उंबरठ्याबाहेर पहिला संघर्ष आमच्याच सोसायटीत झाला. झाडलेला पाचोळा मागच्या कोपऱ्यात पेटवण्याची पद्धत होती आणि त्या सकाळी दुसऱ्या मजल्यापर्यंत मापक लाल होत असे. घनकचरा व्यवस्थापन नियम २०१६ ने कचरा उघड्यावर जाळण्यास मनाई केली आणि त्याच वर्षी डिसेंबरमध्ये राष्ट्रीय हरित लवादाने साध्या जाळण्यासाठी ५,००० आणि मोठ्या प्रमाणावर जाळण्यासाठी २५,००० रुपये दंड ठरवला. आरोग्याविषयीचे माझे निवेदन समितीने सहानुभूतीने ऐकून बाजूला ठेवले होते. दंडाची रक्कम कळल्यावर मात्र त्याच बैठकीत जाळीचा पिंजरा करून पाचोळ्याचे खत करण्याचे ठरले. पुण्यात ‘ब्राऊन लीफ’ हा उपक्रम पाचोळा असलेल्यांची आणि तो हवा असलेल्यांची गाठ घालून देतो, त्यामुळे उरलेला पाचोळाही ठेवून घेणारे मिळतात.

शेजारच्या बांधकामाचे प्रकरण अधिक काळ चालले. केंद्र सरकारच्या जानेवारी २०१८ च्या अधिसूचनेने, जेथे धुलिकणांची मर्यादा ओलांडली जाते अशा शहरांत बांधकामाभोवती वाराअडथळा उभारणे, माती-वाळू-राडारोडा झाकून ठेवणे, पाणी मारणे आणि उघड्यावर कटिंग-ग्राइंडिंग न करणे बंधनकारक केले आहे. हे कलमवार लिहून दिल्यावर बांधकामाभोवतीच्या कुंपणाचे पत्रे उंच झाले, हिरवे कापड आले आणि फरशी कापणारे यंत्र पाण्यासह चालू लागले. पाणी मारणे आठवडाभरातच थंडावले आणि पुन्हा लिहावे लागले.

काही गोष्टी मात्र कोणत्याही घराला विकत घेता येत नाहीत. १ एप्रिल २०२० पासून देशभर बीएस-६ (भारत स्टेज-६) या मानकाचे पेट्रोल-डिझेल आले आणि गंधकाचे प्रमाण ५० वरून दहा लाखांत १० भागांवर आले. हे ग्राहकाच्या निवडीने कधीही घडले नसते. मुंबई उच्च न्यायालयाने जानेवारी २०२५ मध्ये मुंबईतील लाकूड-कोळशाच्या बेकऱ्यांना सहा महिन्यांत स्वच्छ इंधनाकडे वळण्यास सांगितले, तेही असेच. मी स्वतः पाव घेताना भट्टीची चौकशी कधी केलेली नाही आणि करणारा ग्राहक मला भेटलेलाही नाही.

ज्यांना मापकाच्या बळावर तक्रार करायची आहे त्यांच्यासाठी एक व्यावहारिक सूचना. घरगुती मापकाचा आकडा तक्रारीत पुरावा म्हणून जोडू नये, कारण त्यावर उत्तर देणाऱ्याला यंत्र प्रमाणित नाही एवढे म्हणून विषय संपवता येतो. कोणत्या वेळी आकडा चढतो हे मापकावरून हेरावे, त्या वेळी खाली उतरून तारीख-वेळ दिसेल असे छायाचित्र काढावे आणि सोबत नियमाचा क्रमांक लिहावा. आमच्याकडे कुंपणाचे पत्रे उंच झाले ते अशा तिसऱ्या तक्रारीनंतर.