‘मदरबोर्ड गेला’ म्हणाला आणि मी मान डोलावली

मार्च अखेर होती, म्हणून फसले. एरवी मी कोथिंबिरीच्या जुडीवरूनही घासाघीस करते.

डोंबिवलीत घरी बसून तीन सोसायट्यांचे हिशेब लिहिते, सगळे टॅली या हिशेबाच्या सॉफ्टवेअरवर. डेस्कटॉप 2014 चा, लॅमिंग्टन रोडवरून असेंबल करून आणलेला, 4 जीबीच्या दोन रॅम (मेमरीच्या कांड्या) घातलेल्या. 27 मार्चला सकाळी बटण दाबलं. दिवा लागला, पंखा फिरला, पण मॉनिटरवर ‘नो सिग्नल’. बंद करून पुन्हा चालू केलं, तरी तेच.

ओळखीतल्या एकीनं नंबर दिला. मुलगा तासाभरात आला. कॅबिनेट उघडलंसुद्धा नाही. बटण दाबलं, पंख्यापाशी कान नेला आणि म्हणाला, “मॅडम, मदरबोर्ड गेला. हा आता नवीन येत नाही, रिफर्बिश्ड बघावा लागेल.” मदरबोर्ड म्हणजे सगळे भाग ज्यावर जोडलेले असतात तो मुख्य बोर्ड, आणि रिफर्बिश्ड म्हणजे दुरुस्त करून पुन्हा विकायला काढलेला जुना. दीड मिनिटात निदान! माझ्या डोक्यात फक्त 31 तारीख. त्यानं कॅबिनेट स्कूटरवर पायाशी ठेवलं आणि तीन सोसायट्यांचा डेटा असलेली हार्ड डिस्क घेऊन गेला. डिस्प्ले येत नाही हे तपासायला हार्ड डिस्क लागतच नाही. चार स्क्रू काढून ती घरी ठेवता आली असती, हे तेव्हा कोणाला ठाऊक?

दोन दिवसांनी मशीन परत आलं, चालू. 5,800 रुपये दिले. एका चिठ्ठीवर ‘रिपेरिंग 5800’ एवढंच लिहून मिळालं. जुना बोर्ड मागावा हे सुचलं नाही. मशीन थोडं जड चालतंय असं वाटत होतं, पण म्हटलं, जुनंच आहे, चालायचंच.

जुलैत, पाऊस ऐन भरात असताना, पुन्हा स्क्रीन काळी. या वेळी पुण्याच्या भाच्याला व्हिडिओ कॉल लावला. त्याचं पहिलं वाक्य, “मावशी, कोणाला बोलवू नकोस. प्लग काढ, मग पॉवरचं बटण एकदा दाबून धर आणि बाजूचा पत्रा उघड.” आतला पत्र्याचा चौकोनी डबा, म्हणजे एसएमपीएस (सगळ्या भागांना वीज पुरवणारा), तेवढा मात्र खोलायचा नाही. प्लग काढला तरी त्यात करंट साठून राहतो.

आत बघितलं तर रॅमच्या दोन खाचांपैकी एक रिकामी. भाचा गप्प झाला. मग म्हणाला, “आता आहे तीही काढ आणि रॅमशिवाय चालू कर.” प्लग लावून बटण दाबलं. कॅबिनेटमधून लांब पीं… पीं… सुरू झालं. “ऐकलंस? रॅम नाही म्हणून बोर्ड रडतोय. मेलेला बोर्ड रडत नाही.” म्हणजे बोर्ड आणि प्रोसेसर दोन्ही जिवंत आहेत. (हा आवाज यायला आत एक चिमुकला बझर जोडलेला असावा लागतो. काही मशीनमध्ये नसतो, मग पीं आली नाही म्हणून लगेच बोर्डाला दोष देऊ नका.)

प्लग पुन्हा काढला. मुलीच्या कंपासमधला पांढरा खोडरबर घेतला. रॅमच्या खालच्या कडेच्या सोनेरी पट्ट्या दोन्ही बाजूंनी घासल्या. रबरावर काळपट ओरखडे उठले. चुरा बोर्डात पडू नये म्हणून हे टेबलावर लांब बसून केलं. खाच ब्रशनं झटकली, रॅम टक्‌ आवाज येईपर्यंत दाबून बसवली. चालू केलं. विंडोज आलं! दमट हवा, धूळ आणि काळवंडलेल्या पट्ट्या, एवढाच तो ‘गेलेला मदरबोर्ड’.

पण खरा धक्का पुढेच होता. पत्रा लावताना बोर्डाच्या कडेला एक पिवळट स्टिकर दिसला. लॅमिंग्टन रोडच्या दुकानाचा शिक्का, त्यावर मार्करनं ‘11/14’. वॉरंटीसाठी त्यांनीच लावलेला. म्हणजे बोर्ड बदललाच नव्हता! टास्क मॅनेजरमध्ये परफॉर्मन्स, मग मेमरी उघडलं: 4 जीबी, दोनपैकी एकच खाच वापरात. रॅम पुसायचे 5,800 घेतले आणि वर एक रॅम ठेवून घेतली.

रिपेरिंगवाल्या मुलाच्या दुकानात गेले. आधी म्हणे, “स्टिकर आम्हीच लावतो.” दुसऱ्याच्या शिक्क्याचा? मग म्हणे, “तो पोरगा काम सोडून गेला, मॅडम.” ग्राहक हेल्पलाइनला, 1915 ला, फोन केला. त्यांनी तक्रार नोंदवली, पण बिल मागितलं. चिठ्ठीवर ना जीएसटी नंबर, ना बोर्डाचं नाव, ना सिरियल नंबर.

खालच्या मजल्यावरच्या काकूंच्या मशीनची तारीख रोज मागे जायची. त्यांनाही त्याच मुलानं बोर्डच सांगितला होता. त्यांना मी थांबवलं. बोर्डावरचा नाण्याएवढा सेल, सीआर 2032, बदलला, तारीख जागेवर आली.

आता मशीन बाहेर द्यायची वेळ आलीच, तर आधी पत्रा उघडून बोर्ड, रॅम, डिस्क सगळ्यांचे सिरियल नंबर दिसतील असे फोटो काढते, डिस्क घरी ठेवते आणि “काढलेला पार्ट परत हवा” हे आधीच सांगते. एवढं बोलल्यावर निम्मे जण “वेळ नाही मॅडम” म्हणतात.

दुसरी रॅम अजून घेतलेली नाही. टॅली आणि ब्राउझर एकदम उघडले की मधल्या वेळात चहा टाकून येते.