डबल ट्रॉली आणि पॉवर मोड : एका गाळप हंगामानंतर

नोव्हेंबरात उसाला जुंपलेला ट्रॅक्टर मार्चच्या शेवटच्या आठवड्यात शेडात आला. एका हंगामात मीटरवर सव्वासातशे तास चढले. मळा यमगर्णीजवळ, वेदगंगेच्या काठाला. ऊस जायचा संकेश्वरला, मधे तवंदी घाट. मागं दोन ट्रॉल्या, दोन्ही मिळून अठरा-एकोणीस टन. या वाटेवर पॉवर मोड, म्हणजे इंजिनाची पूर्ण ताकद मोकळी करणारं बटण, कसा वागला ते सविस्तर लिहितोय, कारण ट्रॅक्टर घेताना मला ते कुणी नीट सांगितलं नव्हतं. ताबा देताना शोरूमच्या पोरानं बटण दाखवलं आणि म्हणाला, "मालक, ऊस ओढताना हे दाबून ठेवायचं." ते अर्धंच खरं निघालं.

१ जानेवारी २०२३ पासून ५० एचपीच्या वरच्या नव्या ट्रॅक्टरांना ट्रेम-४ चे धुराचे नियम लागले आणि या वर्गात कॉमन रेलची, म्हणजे सगळ्या सिलिंडरांना एकाच जास्त दाबाच्या नळीतून डिझेल देणारी, इंजिनं आली. डिझेल किती आणि कधी सोडायचं ते त्यात ईसीयू, म्हणजे इंजिनाचा छोटा संगणक, ठरवतो, म्हणून एकाच इंजिनाला दोन-तीन स्वभाव देता येतात. माझ्या ५५ एचपीला तीन मोड आहेत: डिझेल सेव्हर, नॉर्मल आणि पॉवर. सेव्हरमध्ये इंजिनाची ताकद आवरून धरलेली असते, पॉवरमध्ये पूर्ण मोकळी. आधीचा आमचा ट्रॅक्टर साध्या पंपाचा, ४५ एचपीचा. त्याला घाटात एकच ट्रॉली लावायचो.

फरक पहिल्याच आठवड्यात कळला. ओल्या रानातून भरलेली ट्रॉली बाहेर काढताना पॉवर मोडमध्ये इंजिन आरपीएम सोडत नाही. पूर्वी घुर्रर्र करत खाली बसायचं, काळा धूर ओकायचं, मग टोळीतली माणसं मागं खांदा लावायची. आता सरीतून रस्त्याला येईपर्यंत एकच आवाज. घाटातही तसंच: योग्य गिअर असेल तर ट्रॅक्टर एका लयीत वर जातो.

पण हा "योग्य गिअर असेल तर" सगळ्यात मोठा. डिसेंबरात एका रात्री आमचे आप्पा चालवत होते. चाळीस वर्षं स्टिअरिंगवर काढलेला माणूस. आदल्या रिकाम्या खेपेला सेव्हर लावलेला, तो तसाच राहिला. तवंदीच्या चढाला मध्यावर इंजिन बसायला लागलं. आप्पांनी सवयीनं क्लच दाबला, खालचा गिअर टाकायला. एकोणीस टन मागं असताना चढावर क्लच दाबला की त्या क्षणी ट्रॅक्टर ओढणारा राहत नाही, ओढला जाणारा होतो. ट्रॉल्या मागं खेचू लागल्या, मागची तिरकी झाली. आप्पा दोन्ही पायांनी ब्रेकवर उभे राहिले. पाठच्या ट्रॅक्टरवरच्या पोरानं पळत येऊन चाकाला दगड लावला, म्हणून वाचलो. दुसऱ्या दिवशी आप्पा मला म्हणाले, "दादा, बटणाचा दोष नाही. मी पायथ्यालाच खालचा गिअर घ्यायला पाहिजे होता." तेव्हापासून नियम केला: चढ लागायच्या आधी, स्तवनिधीच्या अलीकडं, सपाटीवरच थांबायचं, मोड बघायचा, खालचा गिअर घ्यायचा आणि वर पोचेपर्यंत क्लचला पाय लावायचा नाही. त्यानंतर हंगामभर घाटात एकदाही अडकलो नाही.

माझा चुलतभाऊ टेक्सासात असतो. तिथल्या पिकअप गाड्यांना ट्रेलर ओढायला 'टो-हॉल' मोड असतो. फोनवर त्यानं समजावलं तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. त्या गाड्यांचा गिअरबॉक्स ऑटोमॅटिक. ते बटण दाबलं की गाडी वरचा गिअर उशिरा घेते, चढावर गिअर सारखा खाली-वर करत नाही, त्यामुळं गिअरबॉक्सचं तेल कमी तापतं. उतारावर ब्रेक दाबला की बऱ्याच गाड्या आपोआप खालचा गिअर घेतात आणि इंजिनच ट्रेलरला धरून ठेवतं. आमच्या बटणात यातलं गिअरचं काहीच नाही. ते फक्त इंजिनाशी बोलतं. गिअरचं काम चालवणाऱ्याच्या हातात.

आणि उतार? फेब्रुवारीत काही खेपा उलट्या कराव्या लागल्या, घाटावरच्या रानातला ऊस निपाणीच्या बाजूला. तेव्हा पॉवर मोडचा काडीचा उपयोग नाही, हे स्वतः अनुभवलं. अ‍ॅक्सिलरेटर सोडलेला असतो, इंजिनाला डिझेल जातच नाही, मग मोड कुठलाही असो, काय फरक पडणार? आमच्या ट्रॉल्यांना ब्रेक नाहीत. सगळा भार ट्रॅक्टरच्या मागच्या दोन चाकांच्या ब्रेकवर, आणि मागून ट्रॉल्या रेटत असतात. ज्या गिअरात चढलो असतो त्याच गिअरात उतरायचं, ट्रॅक्टरला डाव्या-उजव्या चाकाचे ब्रेक वेगळे असतात, ते खिळीनं एकत्र अडकवूनच रस्त्यावर यायचं, आणि ब्रेक धरून ठेवायचा नाही, दाबायचा, सोडायचा. न्यूट्रल करून डिझेल वाचवणारे मी रोज बघतो. पोटात गोळा येतो माझ्या.

पॉवर मोडची आणखी एक बाजू. ताकद मोकळी झाली की पुढची चाकं हलकी होतात. जानेवारीत एका शेताच्या बांधावर पुढचं तोंड वीतभर उचललं. मग बंपरला लोखंडी वजनं वाढवली आणि ट्रॉलीचा हूक एक भोक खाली घेतला. हूक जितका उंच तितकं तोंड लवकर उचलतं. दोन्ही केल्यावर स्टिअरिंग पुन्हा भरीव लागायला लागलं.

डिझेलचं म्हणाल तर रिकाम्या परतीला सेव्हर लावून खेपेमागं सव्वा-दीड लिटर वाचलं, डायरीत लिहून ठेवलंय. भरल्या खेपेला सपाट रस्त्यावर नॉर्मल पुरतो. पॉवर फक्त रानातून निघताना आणि घाटात. दिवसभर पॉवरमध्ये ठेवून बघितलं. डिझेल जास्त गेलं, वेळ फारसा वाचला नाही, कारण दोन ट्रॉल्या घेऊन पळायचं नसतंच.

एक तक्रार. बटण डॅशबोर्डच्या डाव्या कोपऱ्यात आहे आणि मोडचा दिवा इतका बारीक की धुळीत दिसत नाही. मी त्याच्याशेजारी लाल टेप चिकटवलीय. आप्पांची चूक झाली त्यात या दिव्याचाही वाटा होता, असं मला मनापासून वाटतं. आणि गाण्यांचे मोठे स्पीकर मी काढून टाकले. इंजिन बसायला लागलं ते आधी कानाला कळतं, दिव्याला नाही. पोरं नाराज झाली, होऊ देत.

कॉमन रेलला डिझेल स्वच्छ लागतं, म्हणून बॅरलमधलं ओतणं बंद केलं. फिल्टरखालचं पाणी दर आठवड्याला सोडतो. हंगामात नोझलचा त्रास झाला नाही.

कारखान्याच्या काट्यावरचा कन्नड गडी रोज निघताना हात वर करून म्हणायचा, "सावकाश होगरी." म्हणजे सावकाश जा. 'सावकाश' हा शब्द त्याचाही आणि आमचाही. आता पावसाळ्याआधी गिअरबॉक्सचं तेल बदलतोय, आणि मागच्या ट्रॉलीला ब्रेक बसवून मिळतात का ते विचारायला सोमवारी निपाणीच्या फॅब्रिकेशनवाल्याकडं जाणार आहे.