पॉलिइमाइडची लवचीक शीट: पावडर कोटिंगच्या भट्टीतले आठ महिने

आधी माझं काम सांगते, म्हणजे पुढचं समजायला सोपं जाईल. भोसरीत आमचं छोटं युनिट आहे. आसपासच्या पावडर कोटिंगवाल्यांना, म्हणजे लोखंडावर रंगाची पावडर भट्टीत भाजून पक्की करणाऱ्यांना, भट्टीचं तापमान मोजायची साधनं आम्ही बनवून देतो. भट्टीतली हवा 200 अंश दाखवतेय म्हणून पावडर नीट बेक होतेच असं नाही. प्रत्यक्ष लोखंड 180 ते 200 अंशांवर दहा-पंधरा मिनिटं राहिलं पाहिजे. पातळ पत्रा लगेच तापतो, जाड ब्रॅकेट बराच वेळ थंडच असतं. म्हणून सेन्सर जॉबलाच, म्हणजे रंगवायच्या वस्तूलाच, चिकटून त्याच्याबरोबर भट्टीतून फिरायला हवा. आधी आम्ही त्यासाठी थर्मोकपलच्या, म्हणजे तापमान मोजणाऱ्या, सुट्या वायरी वापरायचो. हँगरवर त्यांचा इतका गुंता व्हायचा की फेरीपेक्षा सोडवण्यातच जास्त वेळ जायचा. त्यामुळे मार्चमध्ये ठरवलं, लवचीक सर्किटची पट्टी करायची: 300 मिलिमीटर लांब, तिच्यावर तीन पीटी1000 सेन्सर (प्लॅटिनमचे; शून्य अंशाला रोध 1000 ओम, तापमानाबरोबर तो वाढतो), आणि गोल पाइपवरही लपेटता येईल अशी.

साधा एफआर-4, म्हणजे नेहमीच्या सर्किटचा कडक बोर्ड, इथे चालत नाही. तो वाकत नाही, आणि त्याचं रेझिन प्रकारानुसार 130 ते 180 अंशांच्या दरम्यानच मऊ पडायला लागतं. कीबोर्डच्या मेम्ब्रेनमध्ये असते ती पीईटीची पारदर्शक फिल्म स्वस्त आहे, पण नेहमीचा सोल्डरही तिला सोसत नाही. उरली ती पॉलिइमाइड नावाच्या प्लास्टिकची मधाच्या रंगाची फिल्म. मूळ ड्यूपाँटची कॅप्टन हे तिचं सगळ्यांत प्रसिद्ध नाव. जपानच्या उबेची यूपिलेक्स आणि कानेकाची अपिकल याही त्याच घराण्यातल्या. कॅप्टनच्या माहितीपत्रकात उणे 269 पासून 400 अंशांपर्यंतचा पल्ला लिहिलेला असतो. जेम्स वेब दुर्बिणीचं पाच पदरी सूर्यकवच याच फिल्मचं आहे. 400 चा आकडा वाचला आणि मला वाटलं, आपल्या 200 अंशांचं काम तर सहज होईल.

माझी पहिली चूक इथेच झाली.

तो आकडा असतो नुसत्या फिल्मचा. आपण सर्किटसाठी जी शीट घेतो तिच्यात फिल्मवर तांबं चढवलेलं असतं, आणि ते कशाने धरून ठेवलंय यावर सगळा खेळ ठरतो. स्वस्त शीटमध्ये मधे ॲक्रिलिक गोंदाचा थर असतो, बहुधा फिल्मइतकाच जाड. फिल्मला काही होत नाही, पण गोंद तापला की मऊ पडतो आणि फिल्मच्या कितीतरी पट फुगतो. अशा गोंदाच्या शीटला अखंड वापरासाठी साधारण 105 अंशांपर्यंतचीच मान्यता असते. मी मुंबईच्या एका व्यापाऱ्याला फोनवर विचारलं, ‘पॉलिइमाइड आहे ना?’ तो म्हणाला, ‘हो मॅडम, ओरिजिनल.’ खोटं काहीच बोलला नाही. मीच गोंदाचं विचारलं नाही.

पहिल्या पाच पट्ट्या एप्रिलमध्ये भट्टीत गेल्या. दिसायला सुरेख होत्या. चौथ्या दिवशी कोटिंगच्या सुपरवायझर दादांचा फोन आला, ‘मॅडम, तुमच्या पट्टीला पुरळ आलंय.’ जाऊन बघितलं तर खरंच तसं होतं. ट्रॅकच्या, म्हणजे तांब्याच्या रेषांच्या, कडेने तांदळाच्या कणीएवढे फुगे, आणि दोन ठिकाणी तांबं नखानेही सुटून येत होतं. गोंद काळपट तपकिरी झाला होता. तेवढं होऊनही खालची फिल्म मात्र जशीच्या तशी होती. ती पट्टी मी अजून ड्रॉवरमध्ये ठेवलीय. नवीन मुलगा कामाला लागला की आधी तीच त्याच्या हातात देते.

सोल्डरचंही तेव्हाच लक्षात आलं. शिसं-कथलाचा नेहमीचा सोल्डर 183 अंशांना वितळतो, म्हणजे आमच्या भट्टीत तो पाणीच. बिनशिशाचा 217 च्या आसपास वितळतो. कागदावर तो चालायला हवा, पण बर्नरच्या बाजूच्या भिंतीजवळ आम्हाला 214 पर्यंत तापमान मिळालं, आणि तीन अंशांच्या भरवशावर सेन्सर कोण टांगणार? शेवटी भरपूर शिशाचा, म्हणजे 5 टक्के कथील, 93.5 टक्के शिसं आणि 1.5 टक्के चांदी असलेला सोल्डर घेतला. तो 296 ला वितळायला लागतो. त्याच्यासाठी सोल्डरिंग आयर्नचं टोक 380 अंशांवर ठेवावं लागतं, धुराकडे एक्झॉस्ट फॅन लावावा लागतो आणि हात धुतल्याशिवाय डबा उघडायचा नाही हा नियम कडक पाळावा लागतो. गोंदाच्या शीटवर 380 चं टोक टेकवलं की पॅड, म्हणजे सेन्सर जोडायचा तांब्याचा ठिपका, लोण्यावर ठेवल्यासारखा सरकतो. दोन सेकंदांत जागेवरून हलला म्हणून समजा.

मे महिन्यात बिनगोंदाची शीट मागवली: 25 मायक्रॉन फिल्म, एका बाजूला 18 मायक्रॉन तांबं. हिच्यात तांबं आणि फिल्म यांच्यामध्ये ॲक्रिलिक नसतं. काही कारखाने द्रवरूप पॉलिइमाइड थेट तांब्याच्या पत्र्यावर ओतून भट्टीत पक्कं करतात. काही जण गरम केल्यावर चिकटणाऱ्या पॉलिइमाइडचा पातळ थर मधे देऊन दाबतात. तिसऱ्या पद्धतीत फिल्मवर निर्वातात धातूचा सूक्ष्म थर बसवून वर तांबं चढवतात. किंमत मला एफआर-4 च्या पाच-सहापट पडली. सुरुवातीला ते जड गेलं, आता अजिबात जात नाही. आणि एक गोष्ट प्रामाणिकपणे लिहिते: चांगल्या बिनगोंदाच्या शीटलाही अखंड वापराची मान्यता साधारण 180 अंशांच्या आसपासच असते, 400 नाही. आमची पट्टी एका फेरीत वीस-पंचवीस मिनिटं तापते आणि मग थंड होते, म्हणून ती 200 ला निभावते. चोवीस तास 200 मध्ये ठेवायची असेल तर माझ्या अनुभवावर जाऊ नका.

या शीटवर काम करणं फार सुखाचं आहे. फेरिक क्लोराइडमध्ये एचिंग झालं, म्हणजे नको असलेलं तांबं विरघळलं, की मधाच्या रंगाच्या काचेवर गुलाबी रेषा काढल्यासारखं सर्किट दिसतं. उजेडाला धरलं की एखाद्या ट्रॅकला खाच पडली असेल तर लगेच कळतं. 380 अंशांचं टोक तीन-चार सेकंद टेकलं तरी पॅड हलत नाही. एकाच जागी सेन्सर चार वेळा काढून बसवला, तरी पॅड शाबूत.

मग आला जून.

नव्या पट्ट्यांवर सेन्सर बसवत होतो आणि पॅडभोवती बारीक पांढुरके ठिपके उठायला लागले. गोंद तर नव्हताच, मग फुगलं काय? दहापट भिंगाखाली बघितलं. ठिपके म्हणजे तांबं आणि फिल्म यांच्यामधले छोटे घुमट होते, आणि पॅडच्या गरम बाजूलाच जास्त दाटले होते. दोष होता ओलाव्याचा. पॉलिइमाइड उष्णतेला दाद देत नाही, पण पाणी मात्र भरपूर पिते. कॅप्टन 24 तास पाण्यात बुडवली तर वजनाच्या सुमारे 2.8 टक्के पाणी शोषते, आणि निम्म्या आर्द्रतेच्या हवेतही पावणेदोन टक्क्यांच्या आसपास. पुण्याच्या पावसाळ्यात शीट उघड्या कपाटात पडली होती. तिच्यावर 380 अंशांचं टोक टेकवलं की आतल्या पाण्याची क्षणात वाफ होणार, आणि ती तांब्याला वर ढकलणार.

उपाय साधा आहे, पण तो रोज करावा लागतो. शीट आणि तयार पट्ट्या 120 अंशांना तीन तास ओव्हनमध्ये सुकवायच्या, बाहेर काढल्यावर सिलिका जेल घातलेल्या घट्ट डब्यात ठेवायच्या, आणि डब्यातून काढलेली पट्टी दोन तासांच्या आत सोल्डर करायची. चहा झाल्यावर करू म्हणून टाळायचं नाही. हे सुरू केल्यापासून एकही घुमट उठलेला नाही. लवचीक सर्किट घरी करणाऱ्या प्रत्येकाला माझं हेच कळकळीचं सांगणं आहे, विशेषतः कोकणात किंवा मुंबईत राहत असाल तर: शीट महागातली घ्या वा स्वस्तातली, पण सुकवल्याशिवाय तिला गरम टोक लावू नका.

दुसरं नुकसान माझ्याच हातून झालं. एचिंगच्या वेळी ट्रॅक झाकणारा थर, म्हणजे ड्राय फिल्म, नंतर काढायला आम्ही कॉस्टिक सोड्याचं पातळ द्रावण वापरतो. त्यासाठी काही मिनिटं पुरतात. एका शनिवारी घाईत दोन पट्ट्या ट्रेमध्येच विसरल्या आणि सोमवारी सकाळी मिळाल्या. पॉलिइमाइडची चकाकी गेली होती, बोटाला बुळबुळीत लागत होती, आणि वाकवल्यावर एक पट्टी चक्क तडकली. आम्ल, तेल, पेट्रोल यांतलं बरंच काही ही फिल्म सोसते, पण कॉस्टिकसारखा तीव्र अल्कली तिच्या रेणूंची साखळीच तोडतो. आता ट्रेच्या शेजारी टायमर असतो.

फाटण्याबद्दलही लिहायलाच हवं. अखंड फिल्म दोन्ही हातांनी ओढली तरी फाटत नाही. पण कडेला कात्रीची एवढीशी खाच राहिली तर तिथून ती दुधाच्या पिशवीसारखी सरळ फाटत जाते. त्यामुळे पट्टीचे आतले कोपरे आम्ही गोल ठेवतो, कोपऱ्यावर तांब्याची एक न जोडलेली रेघ सोडतो आणि कापायला कात्रीऐवजी नवं ब्लेड घेतो. वाकण्याच्या जागी ट्रॅक तांबं लाटल्याच्या दिशेने जातील असं बघायचं. ही दिशा व्यापाऱ्याला विचारून शीटवर मार्करने बाण काढून ठेवलेला बरा. एकदा शीट कापली की दिशा शोधणं अवघड होतं.

वरच्या आवरणाचा प्रश्न मला पूर्ण सोडवता आलेला नाही. बाजारात मिळणाऱ्या बहुतेक कव्हरलेला, म्हणजे सर्किटवर चिकटवायच्या आवरणाच्या फिल्मला, ॲक्रिलिक गोंदच असतो. खाली बिनगोंदाची शीट घ्यायची आणि वर पुन्हा तोच गोंद चिकटवायचा, याला अर्थ नाही. उघडं तांबं तर 200 अंशांच्या हवेत आठवडाभरात काळं पडतं. सध्या आम्ही सिलिकोन गोंदाची पॉलिइमाइड टेप वर लावतो. ती उष्णता सोसते, पण कडा दीड-दोन महिन्यांनी उचलायला लागतात आणि टेप बदलावी लागते. पॅडवर निकेल-सोन्याचा मुलामा करून बघितला. पॅडपुरता तो उत्तम आहे, पण वाकणाऱ्या भागात निकेल नको, कारण ते कडक असतं आणि त्याच्याबरोबर खालचं तांबंही तडकतं.

मोजमापाबद्दल थोडक्यात. 0.3 मिलिमीटर रुंद ट्रॅक 300 मिलिमीटर गेला की जाऊन-येऊन दोन्हींचा रोध थंडीत पावणेदोन ओम भरतो आणि 200 अंशांना सव्वातीनच्या आसपास जातो, कारण तांब्याचा रोधही प्लॅटिनमसारखाच तापमानाबरोबर वाढतो. पीटी1000 ला हे म्हणजे जेमतेम एका अंशाची चूक. शून्य अंशाला 100 ओमचा पीटी100 घेतला असता तर आठ-नऊ अंशांची झाली असती, आणि मग ट्रॅकचा रोध वगळणारी चार वायरींची जोडणी करावी लागली असती. पातळ तांब्याच्या पट्टीवर पीटी1000 च घ्या.

बिनगोंदाच्या बारा पट्ट्यांपैकी नऊ आजही कामावर आहेत. दोन त्या कॉस्टिकमध्ये गेल्या, आणि एक कन्व्हेयरच्या साखळीत अडकून फाटली. सुपरवायझर दादा आता जॉब बदलला की स्वतःच पट्टी हिरव्या मास्किंग टेपने चिकटवतात. गेल्या महिन्यात एका जाड ब्रॅकेटला आणखी सहा मिनिटं लागतात हे त्यांनीच आलेखावरून शोधलं आणि कन्व्हेयरचा वेग कमी करून घेतला. त्या ब्रॅकेटचा रंग पूर्वी वाकवल्यावर तडकून परत यायचा. मला सगळ्यांत जास्त आनंद त्या दिवशी झाला.

सात नंबरची पट्टी काल तपासायला परत आली होती. तीनशेच्या वर फेऱ्या झाल्यात. फिल्मचा रंग मधावरून गुळाकडे गेलाय, वाकण्याच्या जागी बारीक सुरकुती आहे, टेपची एक कड सुटलीय. बर्फाच्या पाण्यात धरून मोजली. मेमध्ये 1001.8 ओम होते, काल 1002.3 भरले. नवी टेप लावली, ओव्हनमध्ये सुकवली आणि संध्याकाळच्या गाडीने परत पाठवली.