आईच्या पोटाचं खरं दुखणं इथं कळलं (संभाजीनगर, पोटविकाराचा दवाखाना)

आम्ही परतूरकडचे. आईला १६ वर्षं झाले शुगर आहे, पण गेल्या दीड वर्षापासून वेगळंच सुरू झालं होतं, दोन घास खाल्ले की पोट गच्च, ढेकरावर ढेकर, दिवसभर मळमळ, अन् सकाळी उलटी झाली की त्यात रात्रीची भाकरी जशीच्या तशी. आधी तीन ठिकाणी दाखवलं, ॲसिडिटीच्या गोळ्या झाल्या, दुर्बिणीची तपासणी नॉर्मल आली, एकानं तर टेन्शन घेऊ नका म्हणून परत पाठवलं. घरी आम्ही पण तिला बोलायचो, खात नाहीस म्हणून अशक्तपणा येतो म्हणून, नखरे करते म्हणून. याचं मला आजही लई वाईट वाटतं.

इथल्या डॉक्टरांनी फाईल नंतर बघितली, आधी शुगरची वही मागितली. मावशी, इन्सुलिन घेतल्यावर किती वेळानं जेवता, आठवड्याला घ्यायचं शुगरचं किंवा वजनाचं इंजेक्शन चालू आहे का (त्यानं पण पोट मंद होतं म्हणे), जेवल्यावर शुगर कधी एकदम खाली जाते का. मी म्हणलं हो साहेब, एका रात्री ५४ झाली होती, घामानं भिजली होती ती. ते म्हणले इन्सुलिन आपलं काम करून मोकळं होतं अन् जेवण मात्र पोटातच पडून असतं, मग शुगर खाली जाणारच.

मग चिठ्ठीच्या मागं पेनानं जठर काढून दाखवलं. पोट रिकामं झालं की जठरातून घ्रेलिन नावाचं हार्मोन सुटतं, त्यानं भूक लागते (जपानच्या शास्त्रज्ञांनी हे १९९९ ला शोधलं, घरी येऊन वाचलं मी). जेवण लहान आतड्यात उतरलं, त्यातही तेलकट असलं, की तिथून सीसीके नावाचं हार्मोन सुटतं, ते जठराला सांगतं जरा दमानं, खालचं पचू दे. आतड्यातून जीएलपी-१ अन् पीवायवाय पण सुटतात, त्यानं पोट भरल्यासारखं वाटतं. अन् निरोप नेणारी मोठी नस म्हणजे व्हेगस, मेंदूपासून मानेतून पोटापर्यंत, तिच्यातले साधारण ८० टक्के तंतू पोटाकडून मेंदूकडं जातात. मला उलटंच वाटायचं, मेंदू हुकूम सोडतो अन् पोट ऐकतं. शुगरनं पायाच्या नसा जशा बधिर होतात तशी हीपण नस खराब होते, मग जठर नीट ढवळत नाही, पुढं ढकलत नाही. गॅस्ट्रोपॅरेसिस म्हणतात त्याला. आई गप ऐकत होती, बाहेर आल्यावर एवढंच म्हणली, बघ, मी खोटं नव्हते सांगत.

खात्री करायला स्कॅन सांगितला, तो दुसऱ्या सेंटरला झाला. उपाशीपोटी बोलावलं, आधी शुगर बघितली कारण शुगर जास्त असली तरी पोट मंद चालतं, मग किरणोत्सारी औषध घातलेली इडली खायला दिली अन् चार तास थोड्या थोड्या वेळानं फोटो. चार तासांनी १० टक्क्यांच्या वर राहिलं तर पोट मंद, आईचं २८ टक्के राहिलं होतं.

औषध थोडंच दिलं. जेवणाआधी अर्धा तास एक गोळी, अन् हात थरथरले किंवा तोंड वेडंवाकडं हलायला लागलं तर बंद करून लगेच फोन करा हे स्वतः दोनदा सांगितलं. इन्सुलिनची वेळ शुगरच्या डॉक्टरांशी बोलून बदलून दिली. खाणं दिवसातून पाच-सहा वेळा थोडं थोडं, तेल कमी, कच्चा कांदा-काकडी बंद, जेवून लगेच आडवं व्हायचं नाही. आता आई ताकातल्या ज्वारीच्या कण्या अन् वरणात कुस्करलेली अर्धी भाकरी जेवायलीये, उलट्या महिन्यात एखाद्या वेळी. पूर्ण बरं होईल असं डॉक्टरांनी कबूल केलं नाही, ते मला उलट पटलं.

वाईट काय ते पण सांगतो. अपॉइंटमेंट ११ ची, नंबर लागला दोन वाजता, शुगरच्या पेशंटला एवढं ताटकळत ठेवणं बरोबर नाही, अन् बसायला खुर्च्या कमी. डाएटचा कागद सगळा इंग्रजीत, तो मराठीत पाहिजेच, गावाकडची माणसं येतात तिथं. काऊंटरवर सांगितलंय मी, बघू.

डॉक्टरला ५ पैकी ५, व्यवस्थेला ३. जाणार असाल तर सोबत खायला न्या, अन् शुगरची वही विसरू नका, आमचं निम्मं निदान तिच्यातूनच निघालं.