लिंगाण्याच्या सॅकमधलं बीपी मशीन, दीड वर्ष वापरून लिहितेय

वय ४७, बीपीची गोळी चालू होऊन तीन वर्षं झाली आणि क्लाइंबिंग सोडलेलं नाही. हे आधीच सांगते कारण बीपी मशीनचे रिव्ह्यू वाचायला गेलं की बहुतेक सगळे आईबाबांसाठी नाहीतर आजीसाठी घेतलेल्या मशीनचे असतात, आणि जे लोक दर दुसऱ्या रविवारी कुठल्यातरी कड्यावर दोर (रोप) लावून उभे असतात त्यांच्या कामाचं त्यात काही सापडत नाही. मशीन ओमरॉनचं एचईएम-७१५६, दंडाला कफ (हवा भरणारा पट्टा) गुंडाळायचं. माझ्याकडून ५ पैकी ५, का ते सविस्तर लिहिते.

याच्या आधी मी मनगटाचं एक मशीन ऑनलाइन मागवलं होतं, कंपनीचं नाव लिहीत नाही. घेताना विचार एकच होता की छोटं आहे, सॅकच्या वरच्या कप्प्यात मावेल. पण हात मांडीवर ठेवला की १५२ यायचं आणि तोच हात छातीपाशी उचलून धरला की १३४, मग खरं कुठलं धरायचं? मनगट हृदयाच्या लेव्हलला नसलं की आकडा चुकतो, हात खाली असेल तर जास्त दाखवतो, हे मला नंतर कळलं. मग वहिनीकडचं दंडाचं मशीन आणलं तर त्यावर रोज १४५-१५० च्या पुढेच, आणि मी पंधरा दिवस नुसती टेन्शनमध्ये. शेवटी डॉक्टरांनी टेप घेऊन माझा दंड मोजला तर ३४ सेंटीमीटर. इतकी वर्षं ओढाओढी करून दंड भरलेत, आणि त्या मशीनचा कफ होता २२ ते ३२ चा. कफ लहान पडला की बीपी असतं त्यापेक्षा जास्त दिसतं. म्हणून क्लाइंबिंग करणाऱ्यांनी, जिमवाल्यांनी, कुस्ती खेळलेल्यांनी मशीन घ्यायच्या आधी खांदा आणि कोपर यांच्या मधोमध दंड मोजाच, शिंप्याकडची टेप चालते. ७१५६ चा कफ २२ ते ४२ पर्यंत जातो, मी ते घेतलं ते मुख्य याच कारणासाठी.

वापरायला सोपं आहे. कफ आधीच गोल आकाराचा असल्यामुळे एका हाताने नीट बसतो, बरोबर गुंडाळला की नाही ते स्क्रीनवर कळतं, आकडे मोठे आहेत (मला जवळचा चष्मा आहे, तरी पहाटे चष्म्याशिवाय वाचता येतात), आणि ठोके अनियमित वाटले तर खूण येते. चार पेन्सिल सेलवर चालतं म्हणजे लिंगाण्याच्या सुळक्याजवळच्या मोहरीसारख्या गावात लाइट गेली तरी अडत नाही. कफची घडी मात्र होत नाही, म्हणून मी अख्खं मशीन एका चौकोनी प्लास्टिकच्या डब्यात घालून सॅकमध्ये रोपच्या खाली ठेवते, ट्रेकला कपड्यांचा एक जोड कमी नेते पण हे नेते.

आता मोजायचं कसं, कारण चांगलं मशीन घेऊन चुकीचं मोजलं तर काही उपयोग नाही. चहा, तंबाखू, व्यायाम यानंतर अर्धा तास जाऊ द्यायचा, लघवीला जाऊन यायचं, मग पाठ टेकून, पाय जमिनीवर सरळ, हात टेबलावर छातीच्या लेव्हलला ठेवून पाच मिनिटं गप्प बसायचं. अगदी गप्प, बोललं तरी वाढतं. मग एक मिनिटाच्या अंतराने दोन रीडिंग. सकाळी गोळी आणि नाश्त्याच्या आधी दोन, रात्री दोन, असं सात दिवस करायचं, पहिला दिवस सोडून द्यायचा आणि बाकीच्याची सरासरी काढायची. घरच्या मोजणीत सरासरी १३५/८५ किंवा त्याच्यावर असेल तर बीपी वाढलेलं धरतात. एखाद्या दिवशीच्या एका आकड्यावर घाबरायचंही नाही आणि खूशही व्हायचं नाही. मी शंभर पानी वहीत लिहिते, बाजूला एक रकाना ठेवलाय, काल काय केलं, काय खाल्लं, झोप किती.

त्या रकान्यानेच मला एक गोष्ट दाखवली जी आयुष्यात कळली नसती. मागच्या वर्षी ऑक्टोबरमध्ये लोणावळ्याजवळच्या नागफणीच्या कड्यावरून उतरताना गुडघा दुखावला, आणि आमच्या ग्रुपमध्ये गुडघा दुखला की पेनकिलर हे इतकं सरावाचं आहे की कुणी विचारही करत नाही, सॅकच्या बाजूच्या खिशात गोळ्यांची पट्टी असतेच. मी पाच दिवस डायक्लोफेनॅक ही पेनकिलर घेतली. आधीच्या आठवड्याची सकाळची सरासरी १२८ होती, ती तिसऱ्या दिवसापासून १४० च्या घरात गेली आणि पाचव्या दिवशी १४६. खाणं तेच, गोळी तीच, झोप बरी. वही घेऊन डॉक्टरांकडे गेले तर त्यांनी रकाना बघितला आणि डायक्लोफेनॅकवर बोट ठेवलं. या प्रकारच्या पेनकिलर, आयबुप्रोफेन सुद्धा, शरीरात मीठ-पाणी धरून ठेवतात, बीपी वाढवतात आणि बीपीच्या गोळीचा परिणाम कमी करतात. त्यात मी टेल्मिसार्टन या बीपीच्या गोळीवर, आणि वर दिवसभर उन्हात घाम गाळून पाणी कमी प्यायलेलं, म्हणजे किडनीवर सगळा भार. पेनकिलर बंद केली, गुडघ्याला बर्फ आणि आराम, आठवड्याभरात आकडे खाली आले. तेव्हापासून आमच्या ग्रुपमधल्या बीपीवाल्या प्रत्येकाला मी हे सांगते, डॉक्टरांना विचारल्याशिवाय ती पट्टी उघडू नका. सर्दीच्या काही गोळ्यांचंही तसंच, नाक मोकळं करणारं औषध त्यात असेल तर बीपी चढतं.

मिठाचंही वहीतच दिसलं. ट्रेकचं खाणं म्हणजे चिवडा, लोणचं, फरसाण, आणि वर ओआरएस. एक लिटरच्या ओआरएसमध्ये २.६ ग्रॅम मीठ असतं आणि डब्ल्यूएचओ म्हणतं अख्ख्या दिवसाचं मीठ ५ ग्रॅमच्या आत ठेवा. खूप घाम गेला, उलटी-जुलाब झाले तर ओआरएस पाहिजेच, पण थंडीतल्या दोन तासांच्या ट्रेकला सवय म्हणून पिणं मी बंद केलं.

क्लाइंबिंगचं काय, हे सगळे विचारतात. होल्ड (कड्यावरची खाच किंवा कपार) घट्ट धरून लटकलं की हाताचे स्नायू आवळलेले राहतात, त्यातल्या रक्तवाहिन्या दाबल्या जातात आणि बीपी चढतं, त्यात एक्स्पोजर, म्हणजे पायाखालची खोल दरी, बघून ॲड्रेनलिन सुटलं की ठोके आणि बीपी दोन्ही वर, आणि सगळ्यात वाईट म्हणजे अवघड मूव्हला आपण नकळत दम कोंडतो. दम कोंडून जोर लावला की प्रेशर क्षणात प्रचंड वाढतं. मी आता मूव्ह करताना तोंडाने आवाज करून श्वास सोडते, खालून बिले देणाऱ्या, म्हणजे माझा दोर सांभाळणाऱ्या, दादांना सांगून ठेवलंय की माझा आवाज आला नाही तर ओरडा, "ताई, श्वास!" आणि ते ओरडतात. क्लाइंबिंग पुढे चालू ठेवायच्या आधी डॉक्टरांनी ईसीजी, टू-डी इको आणि स्ट्रेस टेस्ट केली, ट्रेडमिलवर बीपी किती चढतं ते बघितलं, मग हो म्हणाले, तेही बीपी कंट्रोलमध्ये असेल तरच. १८०/११० च्या वर असताना जोराचा व्यायाम करायचाच नाही, हे त्यांनी कागदावर लिहून दिलंय. बंजी जंपिंगला मी जात नाही, तिथे हाय बीपीवाल्यांना घेत नाहीत आणि बरोबरच आहे, उलटं लटकून झटका बसला की डोक्याकडे आणि डोळ्यांकडे प्रेशर जातं. बीटा ब्लॉकर या प्रकारच्या बीपीच्या गोळीवर असाल तर अजून एक, त्या गोळीने ठोके फार चढत नाहीत, त्यामुळे मनगटावरच्या घड्याळात पल्स कमी दिसली म्हणून अजून जोर लावू नका.

मशीनचा खरा उपयोग मला झाला तो डिसेंबरमध्ये, मोहरीत. रायगडासमोरचा लिंगाण्याचा सुळका सर करायचा माझा चार वर्षांचा हट्ट होता. रात्री बाराला पोचलो, शेणाने सारवलेल्या ओटीवर झोपलो, झोप कसली, गार वारा आणि डोक्यात नुसता तो सुळका. पहाटे साडेतीनला सगळे उठले, बोराट्याच्या नाळेने, म्हणजे दगडधोंड्यांच्या उभ्या घळीने, अंधारातच उतरायचं होतं. मी हेडटॉर्च लावून मशीन काढलं. १६६/१०२. चहा घेतलेला नव्हता. घोंगडी गुंडाळून भिंतीला टेकून परत दहा मिनिटं बसले, थंडीनेही बीपी वाढतं म्हणून हात घोंगडीत ऊब येईपर्यंत. १६२/१००. एक मिनिटाने परत, १६४/१००. बाहेर मुलं हार्नेस आवळत होती, कॅराबिनरच्या कड्यांचा आवाज येत होता, आणि कुणीही मला एक शब्द बोललं नाही.

१६४ म्हणजे १८० नाही, जाता आलं असतं असं कुणी म्हणेल. पण माझी सरासरी १२६, आणि त्या दिवशी बसल्या जागी १६४, झोप नाही, वर पूर्ण दिवस कड्यावर, आणि तिथून कुणाला खाली आणायचं म्हणजे काय असतं ते मी बघितलंय. माझ्या आईला काही त्रास होत नव्हता म्हणून तिने बीपीच्या गोळ्या मधेच सोडल्या होत्या, आणि एका सकाळी दूध तापवताना तिची उजवी बाजू गेली. मी लीडरला सांगितलं की मी येत नाही. त्याने फक्त विचारलं, "ताई, रायलिंगच्या पठारावर वॉकीटॉकी घेऊन बसाल का?" आणि मी बसले. सूर्य वर आला तेव्हा समोर लिंगाण्यावर आमची लाल-निळी हेल्मेटं मुंग्यांएवढी दिसत होती, आणि मला रडू आलं, ते खोटं कशाला सांगू.

घरी येऊन सात दिवसांची वही दाखवली, डॉक्टरांनी अम्लोडिपिन ही बीपीची दुसरी गोळी थोड्या डोसमध्ये जोडली (पाय सुजतात का ते बघायला सांगितलं, माझे नाही सुजले). फेब्रुवारीत परत गेलो, यावेळी आदल्या दिवशी दुपारीच पोचलो, मी आठ वाजता झोपले. पहाटेचं रीडिंग १२८/८२, एक मिनिटाने १२४/८०. लिंगाण्याच्या माथ्यावरून रायगड दिसला. उतरून गुहेपाशी अर्धा तास बसून मोजलं तर १०६/६८ आणि उभं राहिल्यावर जरा गरगरलं, व्यायामानंतर काही तास बीपी खाली राहतं ते हे, तेव्हा झटकन उठायचं नाही, पाणी पिऊन सावकाश उठायचं, आणि आकडा छान आला म्हणून संध्याकाळची गोळी चुकवायची नाही.

घेणाऱ्यांसाठी एवढंच अजून, चढून आल्या आल्या धापा टाकत मोजू नका, आकड्याला अर्थ नसतो आणि हात हलला तर एरर येते. वर्षातून एकदा मशीन दवाखान्यात नेऊन डॉक्टरांच्या मशीनशी ताडून बघा, माझं दोन-तीन आकड्यांच्या फरकात आहे. मशीन बरेच दिवस वापरणार नसाल तेव्हा सेल काढून ठेवा. आणि बरोबर जो कुणी बिले देतो त्याला तुमच्या गोळ्यांची नावं आणि तुमचं नेहमीचं रीडिंग माहीत असू द्या, माझं हेल्मेटच्या आतल्या बाजूला चिकटपट्टीवर लिहिलेलं आहे.