आरसेमहालाचे छत की वुर्झबुर्गचा जिना?

बरोक काळातील, म्हणजे साधारण सतराव्या-अठराव्या शतकातील, राजवाड्यांची रंगवलेली छते पाहण्यासाठी युरोपच्या प्रवासातून एकच दिवस काढता येणार असेल, तर माझ्या मते निवड दोन ठिकाणांमध्ये करावी: पॅरिसजवळच्या व्हर्सायमधील आरसेमहाल आणि जर्मनीतील वुर्झबुर्गच्या रेसिडेन्झमधला मुख्य जिना. यातील दुसरा वाडा काटेकोरपणे पाहता राजाचा नव्हे. तो प्रिन्स-बिशपचा, म्हणजे धर्मगुरू आणि संस्थानिक ही दोन्ही पदे एकट्याकडे असलेल्या शासकाचा होता. परंतु थाटमाटात तो कोणत्याही राजाला हार जाणारा नसल्यामुळे या तुलनेत त्याला जागा देण्यास हरकत नसावी.

चित्रकार शार्ल ल ब्रँने 1684 मध्ये पूर्ण केलेल्या आरसेमहालाच्या छतात तीस रचना असून त्या साऱ्यांचा नायक एकच आहे. फ्रान्सचा राजा चौदावा लुई याने 1661 साली कारभार स्वतःच्या हाती घेतला, तेव्हापासून हॉलंडशी झालेले युद्ध संपवणाऱ्या 1678 च्या नाइमेगेनच्या तहापर्यंतची त्याची कारकीर्द येथे रंगवलेली आहे. राजाचे गुणगान करायचे तर अपोलो किंवा हर्क्युलिसला पुढे करावे, ही तोवरची रीत होती. येथे मात्र देवदेवता दुय्यम भूमिकेत गेल्या आणि राजा स्वतःच्याच चेहऱ्याने, अंगावर रोमन चिलखत आणि डोक्यावर केसांचा टोप अशा वेषात छतावर चढला. चित्रांखालचा आधीचा फुगवलेला मजकूर काढून त्या जागी रासीन आणि ब्वालो या साहित्यिकांकडून साधी शीर्षके लिहून घेतली गेली, यावरून हे छत पाहण्याइतकेच वाचण्यासाठीही होते, हे ध्यानात येते. ज्याला फ्रान्स आणि हॉलंडच्या युद्धाचा इतिहास माहीत आहे, किंवा जाण्यापूर्वी तो वाचण्याची चिकाटी आहे, त्याला येथे भरपूर मिळेल.

माझे मन मात्र एका अडचणीने फिरवले आणि ती अडचण गर्दीची नव्हती. गर्दी गृहीत धरूनच तेथे जावे लागते. अडचण दिशेची आणि उजेडाची होती. छत कमानदार असून बाजूच्या चित्रांची खालची कड आपापल्या भिंतीकडे आहे. त्यामुळे आरशांच्या वरचे चित्र सरळ पाहायचे तर खिडक्यांपाशी उभे राहावे लागते, आणि खिडक्यांच्या वरचे पाहायचे तर आरशांपाशी. पहिले सहज जमते. दुसऱ्या वेळी मात्र सतरा उंच खिडक्या थेट तोंडासमोर येतात, आणि त्या पश्चिमेला असल्यामुळे दुपारनंतर डोळे दिपून त्यांच्या वरचा सगळा भाग काळपट भासू लागतो. शिवाय ही चित्रे तैलरंगातली असल्याने बागेकडून येणारा आणि आरशांनी परतवलेला प्रकाश त्यांच्यावर चकाकतो. मी चार पावले सरकून, कपाळावर हात धरून, पाठ आरशाला टेकेल इतका मागे जाऊन पाहिले. पण आकृतीच्या जागी पांढरट चमकच दिसत राहिली, आणि जेथे चमक नव्हती तेथे झुंबर आडवे आले. ढगाळ सकाळी हा त्रास बराच कमी होत असेल, हे मी नाकारत नाही. तरीही इतक्या लांबून जाणाऱ्याने आपला दिवस ढगांच्या भरवशावर का सोपवावा, असा प्रश्न पडतो. हे दालन उजेड खेळवण्यासाठीच बांधले गेले आणि त्याची किंमत छताला मोजावी लागली, असे मला वाटते.

वुर्झबुर्गला या दोन्ही गोष्टी जणू आधीच सोडवून ठेवल्या आहेत. इटालियन चित्रकार तिएपोलोने 1752-53 मध्ये स्थापत्यकार बाल्टाझार नॉयमानच्या जिन्यावर सूर्यदेव अपोलो आणि स्त्रीरूपातील चार खंड रंगवले, तेही चुन्याच्या ओल्या गिलाव्यावर, म्हणजे चकाकीचा प्रश्नच उरला नाही. सुमारे तीस मीटर लांब आणि अठरा मीटर रुंद असलेल्या या छताला मध्ये एकही खांब नाही. कोठे उभे राहायचे, हे येथे प्रेक्षकाला शोधावे लागत नाही. जिनाच ते ठरवतो. पहिल्या पायऱ्या चढताना समोर मगरीवर बसलेली अमेरिका वर येऊ लागते, मधल्या टप्प्यावर जिना उलट वळतो तेव्हा युरोप समोर येतो, आणि दोन्ही लांब बाजूंना हत्तीवरची आशिया व उंटावरची आफ्रिका पसरत जातात. पायऱ्या इतक्या बुटक्या आहेत की नजर वर ठेवून चढले तरी ठेच लागत नाही. चारही कडांवर माणसे, जनावरे, गाठोडी यांची दाटी असून मधले आकाश बहुतांशी मोकळे सोडलेले आहे, त्यामुळे मान दुखण्याआधी डोळे तृप्त होतात. युरोपच्या बाजूला खाली तोफेवर रेलून बसलेला नॉयमानही भेटतो. आपल्याच छताखाली इतका निवांत बसलेला स्थापत्यकार मी अन्यत्र पाहिलेला नाही.

अर्थात येथेही स्तुती आहेच. युरोपच्या वर बिशप कार्ल फिलिप फॉन ग्रायफेनक्लाऊ याची तसबीर आकाशात नेली जात आहे, आणि अमेरिकेच्या भागातली कापलेली मुंडकी पाहिली की इतर खंडांकडे युरोप कोणत्या नजरेने पाहत होता, ते भारतीय प्रेक्षकाला वेगळे सांगावे लागत नाही. दुसरी उणीव अशी की 16 मार्च 1945 च्या बाँबहल्ल्यात वाड्याचा मोठा भाग जळाला आणि पुढची बरीचशी दालने नव्याने उभी केलेली आहेत. जिन्याचे छत मात्र तगले, कारण वरचे छप्पर जळूनही नॉयमानची कमान ढासळली नाही. पुढे जॉन स्किल्टन या अमेरिकी अधिकाऱ्याने त्यावर तात्पुरते छप्पर घालून घेतले. सम्राटाच्या दालनातील तिएपोलोची चित्रेही वाचली, परंतु संपूर्ण जुना वाडा पाहण्याच्या अपेक्षेने जाणाऱ्याचा थोडा हिरमोड होऊ शकतो.

व्हर्सायच्या बाजूने एक गोष्ट नक्कीच सांगायला हवी. तेथील हर्क्युलिसच्या दालनात फ्रान्स्वा लम्वानने 1736 मध्ये पूर्ण केलेले छत चौकटींत विभागलेले नाही. एकाच आकाशात 142 आकृती आहेत आणि ते तुलनेने शांतपणे पाहता येते. लोक आरसेमहालाच्या ओढीने तेथून भरभर पुढे जातात, ही चूक टाळावी. या कामानंतर राजाचा प्रथम चित्रकार म्हणून नेमणूक होऊनही पुढच्याच वर्षी लम्वानने आत्महत्या केली.

ज्यांना छत खऱ्या राजाचेच हवे, पण हात तिएपोलोचा हवा, त्यांच्यासाठी माद्रिदचा राजवाडा आहे. स्पेनचा राजा तिसरा कार्लोस याच्या बोलावण्यावरून तिएपोलो 1762 मध्ये तेथे गेला, 1764 मध्ये सिंहासनाच्या दालनाचे छत रंगवले आणि 1770 मध्ये त्याच शहरात वारला. मात्र आधी जिना पाहिलेला असेल, तर दालनातले छत थोडे स्थिर वाटण्याचा संभव आहे.

पॅरिस ठरलेलेच असेल आणि इतिहासाची आवड असेल, तर व्हर्साय टाळण्याचे कारण नाही. फक्त सकाळची वेळ घ्यावी आणि खिडक्यांच्या वरची चित्रे सर्वांत आधी पाहून घ्यावीत. चित्रकलेसाठीच दिवस राखून ठेवला असेल, किंवा फ्रँकफर्टकडे नातेवाईक असल्यामुळे जर्मनीत राहणे होणारच असेल, तर तेथून वेगवान रेल्वेने साधारण सव्वा तासावर वुर्झबुर्ग आहे. दोन्ही जमणार असतील तर व्हर्साय आधी पाहावे, कारण उलट क्रमाने गेल्यास ल ब्रँवर थोडा अन्याय होतो.